फिर्याद दिली, आता पुढे?

लैंगिक अत्याचारानंतर पोलीस ठाणं, दवाखाना आणि कोर्ट या तीन ठिकाणी बाईच्या वाट्याला काय येतं, याबद्दल जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली पत्रं या वेळच्या सदरात घेतली आहेत. नावं, गावं छापलेली नाहीत. फक्त तालुका ठेवला आहे. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक तक्रार फिरून फिरून येते: ‘आम्हाला कोणी काही सांगतच नाही.’ त्याला कारण आहे. फिर्याद दाखल झाली की खटला ‘सरकार विरुद्ध आरोपी’ असा होतो आणि जिच्यावर बेतलं ती कागदोपत्री फक्त फिर्यादी आणि साक्षीदार उरते. तपास पोलिसांचा, बाजू मांडणार सरकारी वकील, तारीख देणार कोर्ट. कायद्याने तिला पुष्कळ हक्क दिले आहेत, पण मागितल्याशिवाय ते हातात पडत नाहीत, आणि तोंडी मागितलेलं कुठे नोंदलं जात नाही. म्हणून उत्तरांत कलमं दिली आहेत. अर्जात ती जशीच्या तशी लिहा. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. खाली कायद्याचं नाव न देता नुसतं ‘कलम’ लिहिलं आहे, ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं समजा. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुन्या भारतीय दंड विधानाचीच कलमं लागतात.

प्रश्न : आमच्या वस्तीवरची मुलं-माणसं ऊसतोडीला बारडोलीकडे जातात. तिथे मुकादमाच्या माणसाने एका बाईवर जबरदस्ती केली. ती दोन दिवसांनी घरी आली. इथल्या ठाण्यात सांगतात, ‘घटना गुजरातची, तिकडेच जा.’ तिकडे तिचं कोणीच नाही. (तळोदा तालुका)

उत्तर : तिला गुजरातला पाठवायची काही गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याला फिर्याद नोंदवून घ्यावीच लागते. शून्य क्रमांकाने नोंदवतात, म्हणून तिला झीरो एफआयआर म्हणतात. नंतर ती संबंधित ठाण्याकडे वर्ग करणं हे पोलिसांचं काम आहे, बाईचं नाही.

ठाण्यात जाताना तिच्यासोबत एक विश्वासाचं माणूस असू द्या, शक्यतो बाई. फिर्याद महिला पोलिसानेच लिहून घ्यायची आहे. ठाण्यात महिला अधिकारी नसेल तर शेजारच्या ठाण्यातून बोलावून घेणं त्यांना भाग आहे. ‘मॅडम उद्या येतील’ हे उत्तर चालत नाही. जबाब तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या ठिकाणी घेता येतो, जवळच्या नातेवाइकांच्या किंवा गावातल्या सामाजिक कार्यकर्तीच्या समोर. फिर्याद वाचून दाखवल्यावरच सही किंवा अंगठा. प्रत मोफत आणि त्याच वेळी मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका.

तरीही नोंदवली नाही तर? फिर्यादीचा मजकूर साध्या कागदावर लिहून पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. पोस्टाची पावती जपा. तिथेही हालचाल झाली नाही तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. त्या अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागतं आणि अधीक्षकांना पाठवलेल्या पत्राची प्रत जोडावी लागते. ती पावती तेव्हा कामी येते. बलात्काराची फिर्याद न नोंदवणाऱ्या पोलिसाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली ६ महिने ते २ वर्षं सक्तमजुरी आहे. ठाण्यात भांडण्यापेक्षा अर्जात हे कलम शांतपणे लिहिलेलं जास्त उपयोगी पडतं.

झीरो एफआयआरमध्ये अडचण येते ती कागद वर्ग होण्याच्या काळात. तिकडचं ठाणं म्हणतं कागद आले नाहीत, इकडचं म्हणतं पाठवले, आणि मधल्या दिवसांत वैद्यकीय तपासणी राहून जाते. म्हणून तपासणी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब दोन्ही इथेच करून घ्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ प्रमाणे ज्या जिल्ह्यात गुन्हा नोंदवला गेला, त्या जिल्ह्यातल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना जबाब घेता येतो. म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातही हे होतं. खटला मात्र गुजरातच्या कोर्टात चालेल. साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सने घ्यावी असा अर्ज तेव्हा करता येतो, त्याला कायद्यात आधार आहे.

ती अनुसूचित जमातीची असेल आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल, तर अॅट्रॉसिटीचं कलम फिर्यादीतच यायला हवं. त्यासाठी आरोपीची जात माहीत असेल तर ती फिर्यादीत सांगा. हे कलम लागलं की तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो.

प्रश्न : मुलीने चार दिवस घरात सांगितलं नाही. अंघोळ झाली, कपडे धुतले गेले. आता दवाखान्यात जाऊन काय उपयोग, असं सगळे म्हणतात. ग्रामीण रुग्णालयात गेलो तर ‘जळगावला न्या’ म्हणाले. (यावल तालुका)

उत्तर : आधी उपचाराचं बोलू, पुराव्याचं नंतर. दवाखाना म्हणजे फक्त पुरावा, असं पोलिसांपासून घरच्यांपर्यंत सगळ्यांना वाटतं आणि त्यात तिच्या जिवाकडे दुर्लक्ष होतं. एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि २८ दिवस चालतात. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी ७२ तासांत उत्तम काम करते. पाच दिवसांपर्यंत काही उपयोग होतो. तुमच्या पत्राप्रमाणे चार दिवस झाले, म्हणजे गोळीची वेळ अजून गेलेली नाही. आजच न्या. धनुर्वात, कावीळ-ब आणि गुप्तरोगांवरचे उपचार, गरोदरपणाची चाचणी, जखमांवर इलाज हे सगळं त्याच भेटीत व्हायला हवं. मनाच्या धक्क्यासाठी समुपदेशनही मागा.

हे उपचार मोफत आहेत, सरकारी दवाखान्यात आणि खासगीतही. कलम ३९७ तसं सांगतं आणि नाकारणाऱ्या दवाखान्याच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. तपासणीसाठी पोलिसांचं पत्र आणा, असंही म्हणता येत नाही. दवाखाना पोलिसांना कळवतो, पण सज्ञान बाईला फिर्याद द्यायची नसेल तर तिचा नकार लिहून घेऊन उपचार करावेच लागतात.

आता पुरावा. केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं ९६ तासांपर्यंत शरीरावरचे नमुने घ्यायला सांगतात. त्यानंतरही कपड्यांवरचे आणि जखमांचे पुरावे मिळू शकतात. अंघोळ झाली म्हणून तपासणी निरर्थक ठरत नाही. ‘अंघोळ केली, कपडे बदलले’ एवढं डॉक्टरांनी लिहून ठेवायचं, म्हणजे काही सापडलं नाही तर त्याचं कारण कागदावर राहतं. अंगावर जखम नसणं म्हणजे संमती, असंही कायद्यात कुठे नाही. भीतीने अंग गोठतं, ओरडता येत नाही, हे डॉक्टरांनाही माहीत आहे.

धुतलेले कपडेसुद्धा द्या. ओले असतील तर सावलीत वाळवून, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये कोंदट होऊन बुरशी येते आणि नमुना वाया जातो. दवाखान्यातले नमुनेही वाळवून, लाखेचं सील लावून तपास अधिकाऱ्याच्या ताब्यात जातात आणि तिथून प्रयोगशाळेकडे. खान्देशातून नाशिकच्या प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नमुने जातात. सील कधी लागलं, मुद्देमाल कारकुनाकडे किती दिवस पडून होतं, कोणत्या दिवशी पाठवलं, या नोंदींमधल्या फटीच आरोपीचा वकील शोधत असतो. तपास अधिकाऱ्याला ‘नमुने कधी रवाना झाले’ एवढा एक प्रश्न पंधरा दिवसांनी लेखी विचारा. तेवढ्यानेही कपाटातली पाकिटं हलतात.

‘जळगावला न्या’ हे बहुतेक वेळा स्त्री-डॉक्टर नाही म्हणून सांगतात. बाई डॉक्टर नसेल तर स्त्री कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत पुरुष डॉक्टरही, तिची संमती असेल तर, तपासू शकतो. तरी पाठवायचंच असेल तर आधी औषधं सुरू करून, पाठवण्याचं कारण चिठ्ठीवर लिहून, रुग्णवाहिकेने पाठवावं. एसटीने हेलपाटे घालायला लावू नये. फिर्याद मिळाल्यापासून २४ तासांत तपासणी आणि ७ दिवसांत अहवाल तपास अधिकाऱ्याकडे, ही कलम १८४ ची मुदत आहे. अहवालाची प्रत तिला मोफत मिळते.

प्रश्न : तपासणीत डॉक्टरांनी ‘दोन बोटांची’ चाचणी केली आणि ‘सवय आहे’ असं काहीतरी लिहिलं. केस संपली का? (धुळे शहर)

उत्तर : नाही. ही चाचणी बेकायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती स्त्रीच्या प्रतिष्ठेला आणि खासगीपणाला बाधा आणणारी ठरवली आणि ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात, ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल असं स्पष्ट केलं. पूर्वीचा लैंगिक अनुभव संमतीच्या प्रश्नाशी जोडताच येत नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांकडे लेखी तक्रार करा, प्रत सरकारी वकिलांना द्या. त्या शेऱ्यावर कोर्टात भर दिला जाऊ नये, हे पाहणं त्यांचं काम आहे.

प्रश्न : माझ्या भाचीला प्रमाण मराठी नीट येत नाही. ती अहिराणीत बोलली, जमादाराने भराभर त्याच्या भाषेत लिहिलं. नंतर वाचलं तर तिने न सांगितलेली वाक्यं आहेत आणि सांगितलेल्या दोन गोष्टी गाळल्या आहेत. (साक्री तालुका)

उत्तर : ही तक्रार साधी समजू नका. उलटतपासाचा अर्धा भार याच जागेवर असतो. कोर्टात ती जे सांगेल आणि ठाण्यातल्या जबाबात ते नसेल, त्याला वकील ‘वगळ’ म्हणतात; जबाबात एक आणि तोंडात दुसरं असेल तर ‘विसंगती’. लिहिणाऱ्याने गाळलेलं वाक्य दोन वर्षांनी तिच्या खोटेपणाचा पुरावा म्हणून पुढे येतं.

ठाण्यातला लिहिणारा वाईट हेतूने गाळतो असं दर वेळी नाही. त्याच्या डोक्यात ठरलेला साचा असतो: वेळ, ठिकाण, ‘माझ्या इच्छेविरुद्ध’, ‘जिवे ठार मारण्याची धमकी दिली’. मुलगी मात्र आठवेल तसं सांगते: आधी दार वाजल्याचं, मग मधलंच, मग पुन्हा मागचं. धक्क्यानंतर आठवण अशीच येते, तुकड्यातुकड्याने. साच्यात न बसणारं गळून जातं.

आता तीन गोष्टी करा. एक, आजच्या तारखेचा अर्ज तपास अधिकाऱ्याला द्या: ‘माझ्या जबाबात अमुक गोष्ट राहिली आहे, अमुक वाक्य मी सांगितलेलं नाही, पुरवणी जबाब घ्यावा.’ अर्ज ठाण्याच्या आवक नोंदवहीत चढवून पोच घ्या. दुरुस्ती जितकी लवकर, तितकी तिची किंमत जास्त. दोन, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा कलम १८३ चा जबाब अजून व्हायचा असेल तर अहिराणी समजणारं माणूस मिळावं अशी विनंती आधीच करा. भिलोरी, पावरी, कोकणी बोलणाऱ्यांना हे आणखी गरजेचं आहे. मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम ३८ प्रमाणे दुभाषी मिळण्याचा हक्कच आहे. तीन, त्या जबाबाच्या वेळी खोलीत पोलीस नसतात. शक्यतो महिला न्यायाधीश जबाब घेतात. ठाण्यात काय चुकलं ते तिने तिथे न घाबरता सांगावं.

तिला घरी ‘असं बोल, तसं बोल’ असं पढवू नका. पाठ केलेलं लगेच कळतं. तिच्या शब्दांत, आठवतं तेवढंच. आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’.

प्रश्न : गावातली मोठी माणसं म्हणतात, मुलाकडचे लग्नाला तयार आहेत, मिटवून घ्या. नाही म्हटलं तर पाणी तोडू, शेतात येऊ देणार नाही, असं कानावर येतं. (अमळनेर तालुका)

उत्तर : बलात्काराच्या गुन्ह्यात तडजोड होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ आणि २०१५ च्या निकालांत हे ठामपणे सांगितलं. २०२० मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाने विनयभंगाच्या आरोपीला, पीडितेकडून राखी बांधून घे, अशी अट घालून जामीन दिला होता. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली आणि लग्न, तडजोड, माफी असं काही सुचवायचंच नाही, असं सगळ्या न्यायालयांना बजावलं. जे न्यायाधीशाला करता येत नाही ते सरपंचाला, पोलीस पाटलाला किंवा जातपंचायतीला कुठून करता येईल? बहिष्काराची धमकी हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने वेगळा गुन्हा आहे.

आमचं स्पष्ट मत आहे की अशा लग्नाने मुलीला आयुष्यभर त्याच माणसाच्या हाती देणं होतं. घरच्यांना ते ‘अब्रू वाचली’ असं वाटतं, हे आम्हाला ठाऊक आहे. १९९४ मध्ये उघड झालेल्या जळगावच्या प्रकरणात फोटोंच्या धाकावर मुलींना वर्षानुवर्षं दाबून ठेवलं गेलं, आणि गुन्हे उघड झाल्यावरही कितीतरी जणी साक्षीला येऊ शकल्या नाहीत. त्यांना अडवलं ते याच अब्रूच्या बोलण्याने.

धमकीसाठी करायचं ते असं. कोण, कधी, कुठे, काय म्हणालं याची तारीखवार नोंद वहीत ठेवा. फोनवरचं बोलणं, संदेश पुसू नका. ठाण्यात वेगळी लेखी तक्रार द्या. आरोपी जामिनावर असेल तर हीच तक्रार जामीन रद्द करण्याच्या अर्जाचा पाया होते. त्याशिवाय २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. जिल्हा न्यायाधीश तिच्या समितीचे प्रमुख असतात, अर्ज सरकारी अभियोक्ता कार्यालयातून जातो, आणि पोलिसांना पाच कामकाजाच्या दिवसांत धोक्याचा अहवाल द्यावा लागतो. गस्त, घराजवळ बंदोबस्त, कोर्टात ने-आण, काही काळ दुसरीकडे राहण्याची सोय, एवढं त्यात मिळू शकतं.

नाव फोडणं हाही गुन्हा आहे. न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो न टाकता ‘अमक्याची सून’ लिहिलं तरी ओळख उघड होतेच. स्क्रीनशॉट काढा, ग्रुप अॅडमिनचं नाव लिहून ठेवा.

प्रश्न : वर्ष होत आलं. ठाण्यात गेलं की ‘तपास चालू आहे’. आरोपी गावात फिरतो. त्याला जामीन कधी झाला तेही कळलं नाही. (भुसावळ)

उत्तर : कलम १९३ प्रमाणे बलात्काराच्या गुन्ह्याचा तपास फिर्याद नोंदल्यापासून दोन महिन्यांत पूर्ण व्हायला हवा, आणि ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे पोलिसांनी फिर्यादीला कळवायचं आहे, मोबाइलवरही चालतं. अटकेनंतर ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर गुन्हा कितीही गंभीर असो, आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. गावात फिरणारा आरोपी पुष्कळदा याच मार्गाने बाहेर आलेला असतो, पुरावा कमी म्हणून नव्हे.

जामिनाच्या सुनावणीत बाजू मांडण्याचा तुम्हाला हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये, पीडितेला खटल्याच्या प्रत्येक टप्प्यावर ऐकलं पाहिजे, असं सांगितलं. मुलगी सोळा वर्षांच्या आतली असेल किंवा सामूहिक अत्याचारातली मुलगी अठराच्या आतली असेल, तर फिर्यादीच्या उपस्थितीशिवाय जामीन ऐकताच येत नाही. अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यातही नोटीस बंधनकारक आहे.

पहिलं काम : एफआयआर क्रमांक आणि वर्ष घेऊन कोर्टाच्या कामाची माहिती देणाऱ्या ई-कोर्ट संकेतस्थळावर पाहा. मग वकील लावा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे. बाईला उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो; १५१०० वर फोन केला तरी चालतं. तो वकील सरकारी वकिलांना मदत करतो, कागद मिळवतो, तारखा कळवतो. तुमच्या वतीने वकील असेल तर दोषारोपपत्राची प्रतही तुम्हाला मिळते.

आणखी एक पाहा, तपास बंद तर झाला नाही ना? महाराष्ट्रात पोलीस कोर्टात ‘समरी’, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवतात. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही. ‘ब’ म्हणजे फिर्याद खोटी. ‘क’ म्हणजे गैरसमजातून. ती मंजूर करण्याआधी फिर्यादीला नोटीस द्यावीच लागते. १९८५ पासून सर्वोच्च न्यायालयाचा तसा निर्णय आहे. नोटीस आली की हजर राहून लेखी हरकत घ्या आणि राहिलेला तपास नेमका सांगा: कोणता साक्षीदार विचारला नाही, कोणता फोन तपासला नाही. नोटीसवर नुसती सही करून परत देऊ नका. ‘काही हरकत नाही’ असा छापील मजकूर खाली असू शकतो.

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझ्या बहिणीची साक्ष आहे. ती रात्रभर झोपत नाही. तिथे काय होईल? (चाळीसगाव तालुका)

उत्तर : जे होणार ते आधी कळलं तर निम्मी धास्ती कमी होते. म्हणून साक्षीच्या आधी एक दिवस तिला रिकामा कोर्ट हॉल दाखवून आणा. न्यायाधीश कुठे बसतात, साक्षीदाराचा पिंजरा कुठे, आरोपी कुठे उभा राहतो, बाहेर जायचा रस्ता कोणता, स्वच्छतागृह कुठे.

समन्स आल्यावर सरकारी वकिलांना भेटायला जा. बोलावतील याची वाट पाहू नका. त्यांच्या टेबलावर शंभर फायली असतात आणि साक्षीच्या सकाळी व्हरांड्यात दहा मिनिटं मिळतात. आधी भेटून तिने आपली फिर्याद आणि जबाब एकदा वाचून घ्यावेत, याला काही आडकाठी नाही. तिथेच तीन मागण्या लेखी द्यायला सांगा. कलम ३६६ प्रमाणे सुनावणी बंद खोलीत, म्हणजे आरोपीचे नातेवाईक आत नकोत. आरोपी नजरेसमोर येऊ नये म्हणून पडदा, आणि अडचणीचे प्रश्न लेखी देऊन न्यायाधीशांनी विचारावेत; सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये या सोयी सांगितल्या आहेत. तिसरी, असुरक्षित साक्षीदारांसाठीची वेगळी खोली. महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व जिल्ह्यांत अशी केंद्रं उभारायला सांगितलं, आणि लैंगिक अत्याचारातली सज्ञान बाईही त्यात धरली.

सगळ्यात त्रासाचं ठिकाण बहुतेकदा साक्षीचा पिंजरा नसतो, बाहेरचा व्हरांडा असतो. अकरा वाजता बोलावतात, पुकारा तीनला होतो, आणि समोरच्या बाकावर आरोपीचं घरदार बसलेलं. बसायला वेगळी जागा द्या असं कोर्टाच्या पैरवी हवालदाराला (कोर्टातलं काम पाहणाऱ्या पोलिसाला) सकाळीच सांगा. डबा, पाणी आणि सोबतीला असं माणूस न्या जे तिथे रडणार नाही. सोबतच्या माणसाचं नाव साक्षीदारांच्या यादीत असेल तर त्याला आत बसता येत नाही, म्हणून दुसरं कोणी निवडा.

आधी सरतपास होतो: सरकारी वकील विचारतात, ती सांगते, न्यायाधीश लिहवून घेतात. मग उलटतपास. त्यात ‘तू खोटं बोलतेस’, ‘शेताच्या वादातून खोटी केस केली’, ‘तुझं त्याच्याशी आधीपासून बोलणं होतं’ अशा सूचना येणारच. आरोपीच्या वकिलाला आपला बचाव साक्षीदारापुढे ठेवावाच लागतो. त्या तिच्याबद्दलचं कोर्टाचं मत नसतात. ‘हे खरं नाही’ एवढं उत्तर पुरतं. समजलं नाही तर प्रश्न पुन्हा विचारायला सांगावं. एका प्रश्नात दोन गोष्टी असतील तर तसं बोलून दाखवावं. अंतर, वेळ यांचे आकडे अंदाजाने ठोकून देऊ नयेत. चारित्र्य किंवा आधीचे संबंध यावर प्रश्नच विचारता येत नाहीत. साक्ष अधिनियमाच्या कलम १४९ मध्ये तशी मनाई आहे. सरकारी वकील गप्प बसले तर तिने थेट न्यायाधीशांकडे पाहून ‘साहेब, याचं उत्तर द्यायचं का?’ असं विचारावं. मध्ये थांबायची, पाणी प्यायची परवानगीही मागावी. रडू आलं तर येऊ द्यावं.

शेवटी साक्ष वाचून दाखवतात. चुकीचं टंकलं गेलं असेल तर तेव्हाच सांगायचं, सही झाल्यावर नाही. प्रवासखर्च आणि भत्ता नाझर कार्यालयातून मिळतो; तिकीट ठेवा.

तारीख पुढे गेली तर? कायदा म्हणतो दोषारोपपत्रापासून दोन महिन्यांत खटला संपावा. प्रत्यक्षात वर्षं जातात. साक्षीदार हजर असताना तारीख पुढे ढकलायला सबळ कारण लागतं. ‘पीडिता हजर आहे, दूरवरून आली आहे’ हे त्या दिवशी रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या तारखेच्या नोंदीत, लिहवून घ्या.

प्रश्न : वस्तीवरची सोळा वर्षांची मुलगी पाच महिन्यांची गरोदर आहे. घरच्यांनी जमातीच्या रीतीने लग्न लावलंय. दवाखान्यात नेलं तर पोलीस येतील म्हणून नेत नाहीत. (अक्राणी तालुका)

उत्तर : न्या. रक्त कमी, वजन कमी आणि वय सोळा, असं बाळंतपण घरी होणं जिवावर बेतणारं आहे. अठराच्या आतल्या मुलीशी संबंध हा लग्न झालं असलं तरी गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पत्नीसाठीही वय अठरा केलं आणि नव्या कायद्यातही तेच आहे. डॉक्टरला पोक्सोखाली कळवणं बंधनकारक आहे. मात्र गर्भपात हवा असेल तर मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास कळवताना तिचं नाव न देण्याची मुभा २०२२ च्या निकालाने डॉक्टरांना दिली आहे.

२४ आठवड्यांपर्यंत गर्भपात कायद्याने होतो. २० च्या पुढे दोन डॉक्टरांचं मत लागतं, अल्पवयीन असल्याने पालकाची लेखी संमती लागते. पाच महिने म्हणजे २० ते २२ आठवडे. म्हणजे हातात फार दिवस नाहीत. सोनोग्राफीला आजच न्या. २४ च्या पुढे गेलं तर वैद्यकीय मंडळ आणि छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात अर्ज करावा लागतो. निर्णय मुलीचा आहे; तिला ठेवायचं असेल तर तिच्यावर गर्भपात लादता येत नाही.

गुन्हा दाखल असेल तर गर्भाचा अंश डीएनएसाठी ठेवायचा आहे, हे डॉक्टरांना शस्त्रक्रियेच्या आधी सांगा. तो फॉर्मालिनमध्ये ठेवला की डीएनए खराब होतो. सलाइनमध्ये, थंड ठेवून पाठवतात. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, आणि समितीकडून सोबतीसाठी सहाय्यक व्यक्ती मागता येते. जबाब मुलीच्या घरी, साध्या कपड्यांतल्या पोलिसाने घ्यायचा. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही.

प्रश्न : मनोधैर्यचे पैसे घेतले तर ‘पैशासाठी केस केली’ म्हणतील. घ्यावेत का? (पारोळा तालुका)

उत्तर : घ्यावेत. मजुरी बुडते, शाळा सुटते, जळगावच्या खेपा होतात, त्याचा हा खर्च आहे. अत्याचार झालेल्यांना अर्थसाहाय्य देणारी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. आता ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून चालते. प्रकरणाप्रमाणे रक्कम ठरते, गंभीर प्रकरणात १० लाखांपर्यंत, आणि मोठा हिस्सा तिच्या नावावर मुदत ठेवीत जातो. पोलिसांनी एफआयआर प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला का ते स्वतः विचारा, कारण अर्ज रेंगाळतो तो इथे. बँक खातं तिच्या एकटीच्या नावाचं काढा. आरोपीला शिक्षा झाल्यावरच पैसे, अशी अट नाही.

अॅट्रॉसिटीचं कलम असेल तर समाजकल्याण खात्याकडून वेगळं साहाय्य मिळतं: बलात्कारात ५ लाख, सामूहिक असेल तर सव्वाआठ लाख. निम्मं वैद्यकीय तपासणी आणि अहवालानंतर, पाव दोषारोपपत्रावर, पाव खालच्या कोर्टाच्या निकालावर. कोर्टात ‘पैसे मिळाले ना?’ असं विचारलं तर ‘हो, सरकारी योजनेतून’ असं सरळ सांगायचं.

प्रश्न : पोलिसांनी मुलीचा फोन मुद्देमाल म्हणून घेतला. कॉलेजचं सगळं त्यात आहे. परत कधी मिळेल? (जळगाव)

उत्तर : पंचनाम्यात फोनचा आयएमईआय क्रमांक आहे का पाहा, प्रत घ्या. प्रयोगशाळेत नक्कल निघाल्यावर कोर्टात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळण्याची हमी लिहून देऊन, फोन परत घेता येतो. निकालापर्यंत तो विकायचा किंवा फॉरमॅट करायचा नाही, अशी हमी द्यावी लागते. आक्षेपार्ह फोटो कुठे फिरत असतील तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार होते.

प्रश्न : आरोपी निर्दोष सुटला. आता आमच्यावरच खोट्या केसचा दावा करू म्हणतात. (शिंदखेडा तालुका)

उत्तर : सुटका बहुतेक वेळा ‘संशयाचा फायदा’ देऊन होते: साक्षीदार फितूर झाले, प्रयोगशाळेचा अहवाल (सी.ए. रिपोर्ट) आला नाही, पंच विसरले. फिर्याद जाणूनबुजून खोटी होती, असं त्यातून सिद्ध होत नाही. ते वेगळं सिद्ध करावं लागतं. धमकीला घाबरून काही लिहून देऊ नका.

निकालाची प्रमाणित प्रत लगेच मागवा आणि परिच्छेद वाचून घ्या: कोर्टाने मुलीवर अविश्वास दाखवला आहे की तपासावर? अपिलात सगळं यावर ठरतं. सरकारने अपील केलं नाही तरी पीडितेला स्वतःचं अपील करण्याचा हक्क कलम ४१३ देतं, आणि त्यासाठी आधी वेगळी परवानगी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवलं आहे. एकट्या पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते, आणि फिर्यादीला उशीर झाला एवढ्याने ती खोटी ठरत नाही. १९९६ च्या निकालापासून हे पक्कं आहे. धुळे जिल्ह्याचं अपील छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातं. तिथल्या उच्च न्यायालय विधी सेवा उपसमितीकडून मोफत वकील मिळतो. अर्ज धुळ्याच्या प्राधिकरणातून पाठवता येतो. सोबत निकालाची प्रत, एफआयआर, १८३ चा जबाब आणि साक्षीच्या नकला जोडा.

तातडीला : पोलीस ११२, महिला हेल्पलाइन १८१, बालकांसाठी १०९८. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे; तिथे तात्पुरता निवारा, समुपदेशन आणि ठाण्यात सोबत जाणारं माणूस मिळतं.